पहिलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. माझ्या आजीलाही ती जुनीच म्हणून कळली होती. लहान असाल तर मांडी घालून ऐका. मोठे असाल तर मधे मधे "हे ठाऊक आहे आम्हाला" असं म्हणू नका. ठाऊक असतं तर ही गोष्ट सांगत बसायची पाळीच आली नसती.

एक मोठी नदी होती. अलीकडे राणीचं नगर आणि पलीकडे गावं, शेतं. पूल बांधायची विद्या त्या मुलखात कुणाला येत नव्हती. बाळंतीण आणायची असो, लग्नाचं वऱ्हाड असो, बाजाराचं धान्य असो, सगळं होडीतूनच जायचं. होड्या वल्हवायचे भोई. होड्या बांधायचा सुतार, तो वरच्या अंगाला जंगलात राहायचा, सागाच्या झाडांजवळ. आणि होड्या विकायचा शेटजी, तो नगरातच, घाटाच्या पायऱ्यांशी राहायचा.

आता कुणी म्हणेल, सुतार बांधतो, भोई घेतो, मग हा शेटजी कशाला? तर तसा नियमच होता. राणीच्या पणजोबांनी घालून दिलेला. सुताराने होडी शेटजीला द्यायची, भोयाने ती शेटजीकडून घ्यायची, आणि मधे शेटजीने आपला वाटा ठेवायचा. त्याला पाणवाटा म्हणत. तो कशाबद्दल द्यायचा, हे कुणी कधी विचारलं नाही. आपल्या जन्माआधीपासून जे चालत आलंय त्याचं कारण माणूस विचारत नाही. हा दोष तुमच्यात आहे आणि माझ्यातही आहे.

त्या घाटावर एक भोई राहत होता. घरात त्याची म्हातारी आई आणि बायको. त्याची होडी इतकी जुनी झाली होती की एका हाताने वल्हं मारायचं आणि दुसऱ्या हाताने आत शिरलेलं पाणी उपसायचं, असा त्याचा दिवस जाई. बायको त्याच्या शेवटच्या खेपेला काठावर येऊन उभी राही आणि तो पायरीवर उतरला की मगच चुलीकडे वळे. तिला सोनं नको होतं, नाणं नको होतं. नवरा ज्या फळीवर पाय ठेवून उभा राहतो ती फळी धड असावी आणि तो रोज घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा दोघं शेटजीकडे गेली. शेटजीच्या वखारीत होड्या भरलेल्या होत्या, पण दारात एकच मांडलेली होती. शेटजी म्हणाला, उरली ती हीच. तिच्या तोंडाशी डोळे रंगवलेले होते, पितळी घंटा टांगली होती, वर तांबडं छत होतं. किंमत ऐकून भोई खालीच बसला. मग हात जोडून म्हणाला, घंटा आणि छत काढून घ्या, मला लाकूड तेवढं द्या. शेटजी म्हणाला, होडी येते ती अशीच येते, आणि उद्या आलास तर आजचा भाव मिळायचा नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तशातली गत. पण पाऊस जवळ आला की शेटजीला असले मोती फार सुचायचे, कारण अडला हरी गाढवाचे पाय धरतो हे तो पुरतं ओळखून होता.

दोघं तिथून निघाली ती घरी न जाता तडक जंगलाची वाट धरून सुताराकडे गेली. सुताराला बरंच वाटलं. त्याच्याही पोटात आग होती. आयुष्यभर रंधा ओढून त्याची पाठ वाकली, आणि माडी चढली ती शेटजीची. नियम मोडतोय हे त्याला कळत होतं, तरी त्याने शब्द दिला की तुला होडी मी देईन, थेट माझ्या हातून, घंटेशिवाय.

असली गोष्ट लपते होय? शेटजीने दुसऱ्याच दिवशी राणीपुढे फिर्याद नेली.

राणी तरुण होती आणि मनाने न्यायी होती. तिने सगळ्यांना बोलावलं. शेटजी काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "राणीसाहेब, जंगल लांब आहे. पावसात होडीला चीर गेली तर भोई कुणाच्या दारात जाईल? माझं दार घाटावर आहे." हे खोटं नव्हतं. पण राणीने विचारलं की चीर बुजवून देता का, तेव्हा त्याला सांगावं लागलं की त्याचे पैसे वेगळे पडतात. त्यावर लोक हसले. मग सुतार पुढे आला आणि एवढंच म्हणाला, "बांधतो मी, रंगवतो तो. रंग लाकडाहून महाग कसा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. राणीने तिथल्या तिथे जुना नियम रद्द केला. ज्याला जिथून होडी घ्यायची त्याने तिथून घ्यावी.

त्या दिवशी घाटावर गूळ वाटला गेला. शेटजीने वखारीला कुलूप घातलं. आणि गोष्ट इथेच संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

सगळा मुलूख जंगलाकडे धावला. सुताराने कुणालाही नाही म्हटलं नाही. इतकी वर्षं दाराशी कुत्रं फिरकत नव्हतं, आता माणसं रांगेने उभी. त्याची मान ताठ झाली. सागाचं लाकूड चांगलं वर्षभर सुकवावं लागतं, पण वर्षभर थांबायला सवड कुणाला? कापलेलं झाड तसंच रंध्याखाली जाऊ लागलं. भावही हळूहळू चढला. कुणी कुरकुर केली तर सुतार म्हणायचा, घ्यायची तर घ्या, मागे बरेच उभे आहेत. शब्द शेटजीचे होते, तोंड तेवढं बदललं होतं. लोक आगीतून निघून फुफाट्यात पडले होते, पण कालच टाळ्या वाजवल्या होत्या, मग आज बोलणार कोण?

भोयाला त्याची होडी मिळाली. बायकोने तिच्यावर हात ठेवला तर लाकूड गार आणि ओलसर लागलं. तिने सुताराला विचारलं, दादा, हे सुकलंय का नीट? सुतार दुसऱ्या होडीचा सांधा भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाण्यातच तर जायची आहे ना?" ती नवऱ्याकडे बघू लागली. पण ज्याने आपल्यासाठी नियम मोडला त्याला आणखी काय विचारायचं, म्हणून नवरा गप्प राहिला. भिडेपायी माणूस जीव गमावतो, तो असा.

नदीला पूर आला. भोयाने पलीकडे माणसं उतरवली आणि एकटाच परत निघाला. होडी मध्यावर आली आणि तिचा सांधा उकलला. बायको काठावर उभी होती. तिने होडीची एक बाजू आधी खाली जाताना पाहिली, मग त्याचा हात पाहिला, मग नुसतं पाणी. नदीने त्याला परत दिलं नाही. ती बाई कशी रडली ते मी सांगणार नाही; ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला ते सांगावं लागत नाही, आणि ज्याचं गेलं नाही त्याला सांगून कळत नाही.

काही दिवसांनी ती सासूचा हात धरून राणीपुढे उभी राहिली. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. राणीने सुताराला आणि शेटजीला बोलावलं. सुताराने हात वर केले. होडी बांधून दिली तिथे माझं काम संपलं, पुढचं नदी जाणे आणि नशीब जाणे, असं तो म्हणाला. शेटजीनेही हात वर केले. मी विकलीच नाही, मी तर आधीच सांगत होतो, असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा आनंद होता. मला त्या आनंदाची शिसारी येते.

राणीचा चेहरा उतरला होता. नियम तिनेच मोडला होता. ती त्या बाईला म्हणाली, जुना नियम पुन्हा लावते.

बाईने मान हलवली. "शेटजीची होडी घेतली असती तर माझा माणूस जगला असता, असं कुणी शपथेवर सांगेल का? त्यांनी वखारीतल्या एका तरी होडीला कधी हात लावून पाहिलाय?"

राणीने शेटजीकडे पाहिलं आणि विचारलं, पाणवाटा तुम्ही कशाबद्दल घेत होता?  शेटजी म्हणाला, बाप घेत होता म्हणून मीही घेत होतो.

तेव्हा म्हातारी बोलली. तिचा आवाज बारीक होता. "मी सांगते, राणीसाहेब. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा या शेटजीचा आजा विकायचा होड्या. होडी विकली की पहिल्या पुरात तो स्वतः तिच्यात बसायचा, भोयाच्या समोर. त्याला पहिलं पाणी म्हणत. त्या बसण्याचा तो वाटा होता. बुडायचीच झाली तर तोही बुडणार होता, म्हणून जंगलातून आलेली एकेक होडी ठोकून बघायचा आणि निम्म्या परत धाडायचा. पुढे याच्या बापाने गडी बसवायला सुरुवात केली. आणि हा नदीत सोडायला नुसता नारळ पाठवतो."

शेटजीने मान खाली घातली. सुतार मात्र ताठ उभा होता, जसं काही हे सगळं शेटजीबद्दलच चाललं होतं. म्हातारी त्याच्याकडे वळून म्हणाली, "आणि तू रे? शेटजीची जागा घेतलीस, त्याचा वाटाही घेतलास. मग बसलास का माझ्या पोरासमोर?" 

राणी म्हणाली, "चूक माझीही आहे. वाटा काढून टाकला, पण तो कशाचा होता हे मी विचारलंच नाही. आता ऐका. होडी कुणीही विकावी. जंगलात विकावी, घाटावर विकावी, काय तो भाव घ्यावा. पण जो पैसे घेईल तो पहिल्या पुरात घेणाऱ्यासोबत त्या होडीत बसेल. नदीला अजून पूर आहे. उद्यापासून सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सुताराने आणलेल्या होड्या एका बाजूला आणि शेटजीच्या वखारीतल्या दुसऱ्या बाजूला लावल्या होत्या. राणीने विचारलं, यातल्या विकायच्या कोणत्या?

सुतार आपल्या होड्यांपाशी गेला. पहिलीवर त्याने बोटाने ठोकून पाहिलं आणि पुढे सरकला. दुसरीपाशी वाकला, सांध्यावर नख ओढलं, पुढे सरकला. शेवटच्या होडीपाशी तो नुसताच उभा राहिला. मग त्याने कुऱ्हाड मागून घेतली आणि स्वतः बांधलेल्या होड्या एकामागून एक फोडल्या. कालपर्यंत याच होड्या तो लोकांना देत होता आणि त्याची झोप मोडत नव्हती. फोडताना तो रडत होता.

शेटजी आपल्या रंगवलेल्या होड्यांमधे उभा होता. त्याला ठोकून बघता येत नव्हतं. ती विद्या आज्याबरोबरच गेली होती. सगळ्यांच्या देखत तो सुताराजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "यातल्या कोणत्या होडीत तू बसशील, ते मला सांग." सुताराने डोळे पुसले आणि वखारीतल्या होड्या पाहिल्या. जुन्या, सावकाश बांधलेल्या होड्यांमधली एक त्याने दाखवली. ती घाई सुरू व्हायच्या आधीची होती.

ती होडी भोयाच्या बायकोला मिळाली. तिने कुणालाही वल्हं धरू दिलं नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून ती ते काम शिकलेली होती. तिच्या समोर एका फळीवर सुतार बसला, कारण होडी त्याने बांधलेली आणि त्यानेच निवडलेली होती, आणि दुसरीवर शेटजी, कारण ती त्याच्या वखारीतली होती. काठावरून म्हातारी कान देऊन ऐकत होती.

होडी मध्यावर गेली तसं तिने वल्हं थांबवलं. पाणी फळ्यांवर आदळत होतं. दोघांनीही होडीच्या कडा घट्ट धरल्या. सुताराचे ओठ पांढरे पडले होते आणि शेटजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. दोघांना वाटलं, आता ही सूड घेणार. आणि घेतला असता तर तिला कुणी दोष दिला असता, असं मला वाटत नाही.

ती म्हणाली, "इथे गेला तो. त्या दिवशी तुम्ही दोघंही कोरडे होतात."

मग तिने वल्हं पाण्यात घातलं आणि दोघांना पलीकडच्या काठावर सुखरूप उतरवलं. तिथे उतरल्यावर सुतार वाळूतच बसला आणि शेटजीने तिच्या पाया पडायला हात पुढे केले, पण ती थांबली नाही. त्या काठावर माणसं खोळंबली होती, त्यांना घेऊन ती परत फिरली.

पुढे त्या मुलखात कुणी जंगलातून होडी घेई, कुणी घाटावरून. भाव कधी इकडे कमी असे, कधी तिकडे. त्यावरून भांडणं होत राहिली, ती व्हायचीच. पण होडी घ्यायला आलेला माणूस किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारू लागला: बसणार कोण? सुताराच्या अंगणात लाकूड वर्षभर सुकू लागलं. शेटजी म्हातारपणी होडी ठोकायला शिकला. आणि त्या नदीवर नंतर कुणाची होडी बुडाली, तर विकणाऱ्याच्या घरीही चूल पेटत नसे.

म्हणून लक्षात ठेवा: माल बांधणाऱ्याकडून घ्या की विकणाऱ्याकडून, जो तुमचा पैसा घेतो पण तुमच्या धोक्यात वाटा घेत नाही, त्याच्यावर जिवाचा भरवसा ठेवू नये.