तिमव्वाचा दोर

फार वर्षं झाली. किती, विचाराल तर आपल्या मळसापुरात तेव्हा शहाणी माणसं राहायची, असं म्हणतात. आता तुम्हीच धरा अंदाज. हसा, हसा. या गोष्टीतही हसणारेच सगळ्यांच्या पुढं होते.

गावाला पाणी नव्हतं. म्हणून यल्लाप्पा वडार आणि त्याची बायको तिमव्वा विहीर खणायला आली. तो खाली खणायचा, ती वरून दोरानं मातीची पाटी ओढायची. आणि रोज काम सुटलं की तिमव्वा एक खुळेपणा करायची. तळापर्यंत सोडलेला दोर वर घ्यायची, काठापासून जमिनीवर सरळ पसरायची आणि टोकाला राखेची रेघ ओढायची. खड्डा जेवढा खोल, तेवढी रेघ लांब. रेघेच्या आत माणूस नको, बैल नको, उपसलेली मातीसुद्धा नको.

"तिमव्वा, विहीर खाली चाललीय का गावात?" सोनबा पाटील विचारायचा. की हसलं गाव.

यल्लाप्पा हात जोडून म्हणाला, "पाटील, भिंतीला टप्पे सोडू द्या. तोंड रुंद होईल, पण माती बसायची नाही."

"आणि मी काय टप्प्यांवर ज्वारी पेरू? भिंत बघ की, खरवस कापल्यागत उभी हाय!"

उभी होतीच. काळी माती म्हणजे गोडबोल्या सोयरा. कोरडी आहे तोवर छाती काढून उभी, पाणी दिसलं की पाय गाळते. पण जमीन पाटलाची. टप्पे राहूनच गेले.

आता आपल्या गावाची तेव्हाची रीत ऐका. नव्या विहिरीच्या पाण्यात ज्याला आपलं तोंड आधी दिसेल, त्याच्या घरी सुकाळ. एका दुपारी तळातून यल्लाप्पा आनंदानं ओरडला, "लागलं गं, पाणी लागलं!" आणि त्यानंच आपलं मरण गावाला ओरडून सांगितलं.

ढोल आला, नारळ आले, पाटील आला. तिमव्वा रेघेवर हात पसरून आडवी उभी राहिली. "काठ सोडा! माझा माणूस खाली हाय!"

"असू दे की मावशे, पळून थोडाच जातोय!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

एवढा छान विनोद झाल्यावर कोण थांबतंय? राख तुडवली गेली. सगळे काठावर वाकले. त्यांच्या टाचांमागं जमिनीला केसाएवढी भेग पडली, मग बोटाएवढी. पुढं तोंड करून उभ्या गावाला ती दिसेना. तिमव्वाला दिसली. तिनं दोर खाली फेकला. यल्लाप्पानं तो धरला, आणि भिंत बसली.

फार आवाजही झाला नाही. जेवण झाल्यावर ढेकर यावा तेवढाच.

काठावरचे सगळे मातीबरोबर खाली गेले आणि चिखलातून वर आले. पाटीलही आला. सगळे वाचले, त्यांच्या खाली यल्लाप्पा होता.

गावानं उकरलं. जेवढं उकरावं तेवढी माती परत आत यायची. दोराचं टोक तिमव्वाच्या मुठीत होतं. ती ओढायची आणि खालून कुणी हळूच ओढायचं, असं म्हणतात. ऊन गेलं, थंडी गेली, ती उठली नाही. गावानं भाकरी ठेवली, ती मुंग्यांनी खाल्ली. मग एका सकाळी तिमव्वा नव्हती. दोर होता. त्याचं वरचं टोकही मातीत गेलेलं होतं.

म्हणून अजून आपल्याकडं घराचा पाया असो, संडासाचा खड्डा असो, नळाचा चर असो, आधी दोर पसरतात आणि राखेची रेघ ओढतात. पाणी लागलं तर खालचा माणूस ओरडत नाही, नुसता दोर हलवतो. वरचे पाठ फिरवून उभे राहतात. नव्या पाण्यात तोंड कुणी बघत नाही.

आणि काम झाल्यावर बघावं, तर रेघेच्या आत एक तरी ताजं पाऊल उमटलेलं असतंच. कुणाचं रे, विचारलं की गाव हसतं.