चिमी मुंगीचा दाणा आणि टक करणारी डबी

ही गोष्ट गुलाबचाचा मिस्त्रींनी सांगितली. मिरजेतल्या त्यांच्या गॅरेजात. गेल्या माघातल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, चहाच्या वेळी. ती ऐकली तशीच लिहिली आहे.

गॅरेजात एक जुनी निळी मोटार महिनाभर उभी होती, दिवा मंद म्हणून. शकूअक्कांची. तिचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीला फट होती. चाचा आणि अक्का मोटारीपाशीच बसले होते.

चिमी मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डोक्यावर साखरेचा दाणा. घरी सात भावंडं उपाशी. दाणा घरंगळला. टुपुक! पडला फटीत. फटीत काळोख. दाणा दिसेना.

चिमी गेली मोटारीच्या दिव्याकडे.
"दाणा पडला फटीत. दिव्या दिव्या, उजेड दे."
दिवा मिणमिणला. "कसा देऊ? तार वीज देईना."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमी गेली तारेकडे.
"दाणा पडला फटीत, दिवा उजेड देईना. तारे तारे, वीज दे."
"कशी देऊ? मी बारीक, मी म्हातारी. बटण वाट देईना."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमी गेली बटणाकडे.
"दाणा पडला फटीत, दिवा उजेड देईना, तार वीज देईना. बटणा बटणा, वाट दे."
"कशी देऊ? सगळी वीज माझ्यातून जाते. हाशहुश! अंग तापतं. रिले भार घेईना."

रिले म्हणजे एक छोटी काळी डबी. ती खोक्यात बसली होती. तुरुतुरु, तुरुतुरु.
"दाणा पडला फटीत, दिवा उजेड देईना, तार वीज देईना, बटण वाट देईना. रिले रिले, भार घे."
"कसा घेऊ? चाचा मला बसवेनात. मी तर इवलासा. तारेनं हळूच हाक मारावी, टक! मोठी वीज मी सोडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमी चढली चाचांच्या गुडघ्यावर.
"दाणा पडला फटीत, दिवा उजेड देईना, तार वीज देईना, बटण वाट देईना, रिले भार घेईना. चाचा चाचा, रिले बसवा."
"कसा बसवू, बाळा? अक्का हो म्हणेनात."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमी चढली अक्कांच्या खांद्यावर.
"दाणा पडला फटीत, दिवा उजेड देईना, तार वीज देईना, बटण वाट देईना, रिले भार घेईना, चाचा रिले बसवेनात. अक्का अक्का, हो म्हणा."
"कशी म्हणू गं? ही तार माझ्या आबांनी ओढली. ती कशी कापू देऊ?"

चिमी थांबली. तिला रिलेचं बोलणं आठवलं.
"अक्का, तार कापायची नाही. तिनं नुसती हाक मारायची."

अक्कांनी चाचांकडे पाहिलं. "खरंच कापायची नाही?"
"मुळीच नाही, अक्का."
"मग महिनाभर सांगितलं का नाही?"
"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"
अक्का हसल्या. अक्का हो म्हणाल्या.

चाचांनी आधी बॅटरी सोडवली. नवी जाड तार ओढली, मध्ये फ्यूज घातला. रिले बसवला. बॅटरी पुन्हा जोडली. रिलेनं भार घेतला. बटणानं वाट दिली, गार गार राहून. म्हाताऱ्या तारेनं हळूच हाक मारली.
टक!
दिव्यानं उजेड दिला. लख्ख!
फटीत दाणा चमकला. चिमीनं तो उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु, थेट घरी. सात भावंडं जेवली. चिमीही जेवली.

दिवा लख्ख आहे, तार अखंड आहे. दोन्ही पाहून घेतलं. चिमी खरंच बोलली का, ते मात्र कळलं नाही. अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कानाशी गुदगुल्या झाल्या, एवढं खरं."