कढईतली तडतड

चांगुणा तेलीण घाण्यात तीळ टाकायची आणि वरून ओंजळभर पाणी शिंपडायची. त्याशिवाय तीळ तेल सोडत नाहीत, हे पेठेतलं शेंबडं पोरही जाणत होतं. जाणत नव्हते ते फक्त नवे कोतवाल त्र्यंबकराव.

त्यांनी पाणी पाहिलं आणि भर बाजारात ते गरजले, "तेलात पाणी घालतेस? फोडा रे हिचा घाणा!"

चांगुणा घाण्याला पाठ लावून उभी राहिली. "पाणी पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही. खोटं वाटत असेल तर हे तेल तापवून बघा. पाण्याचा थेंब जरी असला तरी तडतडेल. मग घाणा मी स्वतःच्या हातानं फोडीन."

चूल पेटली, कढई चढली, तेलातून धूर निघाला. तेल मात्र हूं की चूं करेना. सगळी पेठ बघत होती. धगीनं लालबुंद झालेले कोतवाल कढईवर वाकले, आणखी वाकले, आणि एकदम तडतड झाली!

"सापडलं पाणी!" कोतवाल ओरडले.

"सापडलं खरं," चांगुणा म्हणाली, "पण ते माझ्या घाण्यातलं नाही, सरकार. तुमच्या कपाळावरून टपकलंय. आधी घाम पुसा, मग माझा घाणा फोडा."