झाकल्या टोपलीतले लेप

“...मगे तुझ्या यंत्राक आमच्या दर्यात कायच गावलां नाय?”

“काळजी करण्यासारखं काही नाही, काकी.” मी अहवाल उघडून त्यांच्यासमोर धरला. “पारा, शिसं... सगळं आहे ते नावापुरतं. शिरवण्याचा समुद्र चांगला आहे.”

गोकुळाकाकींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

शिरवण्याच्या बंदरावर त्या चाळीस वर्षं मासे विकतायत. मी सोळा महिने त्यांच्याकडून मासे नेत होते. दर महिन्याला दहा लेप. लेप हा चपटा मासा. खाडीच्या तोंडाशी चिखलात अंग टाकून पडतो, फारसा कुठे जात नाही. पाण्यात जे काही मिसळतं ते चिखलात उतरतं, आणि तिथून त्याच्या अंगात. पाणी आज एक सांगतं, उद्या दुसरं. लेपाचं काळीज कापून तपासलं की महिन्यांचा हिशेब निघतो. म्हणून आमची प्रयोगशाळा समुद्राची चौकशी लेपाकडे करते.

हे मला पुस्तकानं शिकवलं. लेप धरायचा कसा, हे काकींनी. पहिल्या दिवशी मी तो उलटा धरला होता, तर त्या हसून हसून पाटीवर आडव्या झाल्या होत्या.

“शंभर आणि साठ लेपे कापलंस,” त्या आता म्हणाल्या. “आणि कायच नाय.”

“एकशे चाळीसच धरले. पहिले दोन महिने मी नवीन होते. तेव्हाचे आकडे भलतेच आले. माझाच हात चुकला असणार. ते खोडले.”

“भलते म्हणजे?”

“खूप जास्त. येऊच शकत नाहीत असे.”

काकी पाटीतल्या माशांवर पाणी शिंपडू लागल्या. मासे ओलेच होते.

“ह्या कागदाचां करतलंस काय?”

“सोमवारी सुनावणी आहे ना. वरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याची नवी पाइपलाइन इथे खाडीच्या तोंडाशी सोडायची की नाही. तिथे हा वाचायचाय. मीच वाचणार.”

हे सांगताना मी जरा ताठ बसले असेन. मला ताठ बसायची संधी कमी येते. घरी नऊ महिन्यांची मुलगी, तिच्या प्रत्येक शिंकेला मी घड्याळ बघते. या अहवालावर मात्र माझा विश्वास होता. यंत्र दोनदा तपासलं होतं. रसायनं बदलून पाहिली होती. स्वतःवर शंका तर मी रोजच घेते, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

“आणखी एक काम आहे, काकी. शरयूला उद्या पहिला मासा भरवायचाय. आपल्या इथलाच लेप द्या. दोनच. अगदी कोवळे.”

काकींचा चेहरा उजळला. “चेडू मासो खातलां?”

त्या मागे वळल्या आणि पाठीशी ठेवलेली लहान टोपली पुढे ओढली. तिच्यावर केळीचं पान झाकलं होतं.

समोरच्या पाटीत वीसेक लेप पडले होते. चांगले, चकचकीत.

“यातलेच द्या की.”

“ते नको.”

“का?”

“नको म्हटलां मां.”

“काकी... का?”

“शिजवल्यावर त्येका वास येता. रॉकेलासारखो.”

मी पाटीतला एक लेप उचलला. सुलटा धरला. नाकाशी नेला. समुद्राचा वास होता, दुसरा कसला नव्हता.

“तुका नाय येवचो,” काकी म्हणाल्या. “तुझा वास यंत्र घेता.”

मी टोपलीवरचं पान उचललं. आत दहाएक लेप होते, नीट गुंडाळून ठेवलेले. माझ्या येण्याचा दिवस काकींना माहीत असतो.

“हे कुठले?”

“निवतळचे. माझी बहीण असता थय. एस्टीन आणलंय काल. थयचां पाणी बरां.”

निवतळ इथून दोन एस्ट्या बदलून जायचं गाव. मध्ये दोन डोंगर आणि एक वेगळी खाडी.

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

“काकी, मला दर महिन्याला जे दिलेत... ते कुठले?”

पाणी शिंपडणारा हात थांबला.

“काकी.”

“पयल्या दोन खेपेक हयलेच दिलंय,” त्या म्हणाल्या. “मगे तुझां पोट दिसाक लागलां.”

टोपलीवरचं पान माझ्या हातातच होतं.

“गरवार बाईच्या हातात ह्यां कसां देवचां? तूच सांग.”

“पण मी ते खात नव्हते! सांगितलं होतं तुम्हाला. कापून तपासते म्हणून.”

“सांगी होतंस. दहा दहा लेपे नुसते कापूक कोण नेता गो? माका वाटलां, चेडवाक डोहाळे लागलेत आणि सरकारी नोकरी म्हणान लाजता.”

“आणि बाळंतपणात? तेव्हा तर माशांची पेटी न्यायला आमचा ड्रायव्हर येत होता!”

“तेव्हा तू अंगावर पाजी होतंस मां.” यात विचारण्यासारखं काय आहे, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ड्रायव्हराक बजावलंय, वाटेत उघडू नको, बाळंतिणीचां हा.”

एकशे चाळीस लेप. दोन एस्ट्या बदलून, बर्फात घालून, चौदा महिने. गुडघे दुखतात म्हणून ही बाई देवळाच्या पायऱ्या चढत नाही.

मी रागावले होते, आणि राग कोणावर धरू ते सापडत नव्हतं. यंत्रावर शंका घेतली, हातावर घेतली, रसायनांवर घेतली. ज्या दोन महिन्यांत मी खरी होते, तेच दोन महिने स्वतःच्या हातानं खोडले.

“तुम्ही माझं सगळं काम बुडवलंत, काकी.”

“होय,” काकी म्हणाल्या. “असां दिसता खरां.”

“हा कागद सोमवारी वाचला असता तर पाइप इथे आला असता. इथलं पाणी चांगलं म्हणून.”

काकींनी पाटीतला एक लेप उलटा करून ठेवला.

“आणि हे?” मी पाटीकडे बोट दाखवलं. माझा आवाज चढला होता. “हे तुम्ही बाकीच्यांना विकता!”

शेजारच्या दोघी वळून बघू लागल्या. काकींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“विकतंय. मी पण ह्येच खातंय. माझी नातवंडां खातत. दहा लेपे म्हयन्याक आणूक जमता, गावाक पुरतले इतके नाय जमणा. आमका दुसरो दर्या खंय असा?”

मी खाली बघत राहिले. वाळू, खवले, बर्फाचं पाणी.

काकींनी हात पुढे केला. “तां कागद हय दी.”

“कशाला?”

“दी गो.”

मी अहवाल दिला. काकींना वाचता येत नाही. त्यांनी पहिलं पान निरखून पाहिलं, माझ्या सहीवरून बोट फिरवलं.

“ह्या कागदात निवतळचेच मासे असत मां?”

“हो.”

“मगे ह्येंकाच होवो.”

आणि टोपलीतले दोन कोवळे लेप त्यांनी अहवालात गुंडाळायला घेतले. सावकाश, कोपरे दुमडून, लहान मुलाला दुपट्यात घ्यावं तसे.

“थांबा!”

त्या थांबल्या. मी शेवटचं पान ओढून घेतलं. पहिल्या दोन महिन्यांचं पान. सगळ्या आकड्यांवर माझ्या लाल पेनाची रेघ होती, पण खालचे आकडे वाचता येत होते. घडी घालून मी ते पर्समध्ये ठेवलं, शरयूच्या लंगोटांशेजारी.

“सोमवारी हे वाचते,” मी म्हटलं. “आणि बाकीचे मासे इथले नव्हते, हेही सांगते. चूक माझी म्हणून.”

“तुझी नोकरी?”

“बघू. साहेब ओरडतील. पुन्हा पहिल्यापासून करायला लावतील बहुतेक.”

काकींनी माझ्या शेजारची बर्फाची पेटी ओढली. पाटीतले लेप एकेक करून आत टाकू लागल्या. लहान, मोठा, जो हाताला लागेल तो. मी मोजत होते. सात झाल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही.

“काकी, हे वाईट निघाले... आणि मी तसं भर सुनावणीत सांगितलं, तर तुमचे मासे कोण घेणार?”

आठवा लेप हातात धरून काकींनी समोरच्या समुद्राकडे पाहिलं.

मग तो पेटीत टाकला. नववा टाकला. दहावा.

“माझी पाटी मी बघतंय,” त्या म्हणाल्या. “तू तुझी पेटी बघ.”

मी झाकण लावलं. दुसऱ्या हातात शरयूचं पुडकं होतं. उठले, पदराला वाळू लागली होती ती झटकली. जाववत नव्हतं.

“पुढच्या महिन्यात येते. मात्र तेव्हा इथलेच द्यायचे हं. शपथ घ्या.”

काकींनी शपथ घेतली नाही. माझ्या गालाला खवल्यांचा हात लावला, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“घरच्या चेडवाक हयले देवक हात उठणा नाय. पुढच्या खेपेक येतलंस,” त्या म्हणाल्या, “तेव्हा माका काकी म्हणान हाक मारू नको.”