तात्यासाहेबांची कमान कुठे लागते?

एका गावात एक भोळा शिपाई होता. चिंधू त्याचं नाव. गाव कसलं, नगरपरिषद असलेलं चांगलं शहर होतं. पण शहर झालं म्हणून भोळी माणसं संपतात थोडीच! सांगितलं तेवढं करायचं आणि सांगितलं तस्संच करायचं, ही चिंधूची नोकरी. ती तो मन लावून करायचा. तिथंच सगळा घोटाळा होता.

आदल्या साली गावात पूर आला. मागोमाग दिल्लीहून मदतीचा निधी आला. नगरपरिषदेनं तो धडाधड खर्च केला. कचेरी टेकडीवर, तिला पुराचा शिंतोडासुद्धा लागला नव्हता. पण पुराच्या धसक्यानं भिंतींचा रंग उडाला म्हणे, म्हणून पहिला रंग तिला. मग होड्या घेतल्या. त्याही टेकडीवरच ठेवल्या, पुन्हा पूर आला तर भिजू नयेत म्हणून. धन्य ती अक्कल! एवढं करूनही थोडा निधी उरलाच.

पुरात खरं नुकसान झालं होतं कुंभारआळीचं. तिचा ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. आळी ओढ्याच्या पलीकडे, दवाखाना अलीकडे. आळीतली गोदाक्का रोज कचेरीच्या पायऱ्या चढायची आणि तेच सांगायची.

"साहेब, आखाडात ओढा भरला की तिकडचं माणूस तिकडंच. माझी सून आखाडातच बाळंत व्हायची हाय. उरलेल्या पैशात तेवढा साकव करा वो!"

नगराध्यक्ष तात्यासाहेब मोहरकर कंटाळले. चिंधूला बोलावून म्हणाले, "आता कुणी काही मागायला आलं की सांगायचं, 'उद्या या.' समजलं?"

"समजलं साहेब."

थोड्या वेळानं पोस्टमन आला. म्हणाला, "दिल्लीचं रजिस्टर पत्र आहे. सही हवी."

सही मागतोय म्हणजे मागायलाच आलाय. चिंधू म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो आला. चिंधू म्हणाला, "उद्या या." असा आठवडा गेला. शेवटी पोस्टमननं तात्यासाहेबांना रस्त्यातच गाठलं. पत्रात लिहिलं होतं: उरलेला निधी महिनाअखेर पूरग्रस्तांच्या कामाला लावा, नाहीतर परत करा. पाहणीला अधिकारी येतील.

तात्यासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मूर्खा! सरकारी माणूस दारात आला की त्याला हार घालायचा, चहा पाजायचा, मागेल ते हातात द्यायचं!"

"चुकलं साहेब. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला आला वीजवाला. बिल थकलं म्हणून कचेरीची लाईन तोडायला आला होता बिचारा, खांद्यावर शिडी घेऊन, घाईघाईनं. चिंधूनं त्याला हार घातला. चहा पाजला. त्यानं पक्कड मागितली, ती दिली. शिडी धर म्हणाला, ती धरली. वीजवाल्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं लोकांच्या लाईनी तोडतोय, पण असा मान कुठं मिळाला नाही, म्हणाला. आणि त्यानं तार तोडली.

भर उन्हाळ्यात पंखा बंद. तात्यासाहेब घामानं निथळत ओरडले, "अरे गाढवा! असा कुणी शिडी घेऊन धावत येताना दिसला की दाराला बाहेरून कडी घालायची आणि म्हणायचं, 'साहेब गावाला गेलेत!'"

"आता कानाला खडा, साहेब."

चारच दिवसांत कचेरीच्या मागच्या खोलीला आग लागली. मदतीच्या खर्चाचे कागद होते तिथं. तात्यासाहेबांना त्या कागदांचं फारसं वाईट वाटलं नाही. ते पुढच्या खोलीत निवांत बसले होते. तेवढ्यात अग्निशमनचे जवान शिडी घेऊन धावत आले. चिंधूनं त्यांना लांबूनच बघितलं, कडी घातली आणि दारात ठाण मांडून बसला.

"अरे बाजूला हो, आग लागलीय! आत कोण आहे?"

"कुणी नाही. साहेब गावाला गेलेत."

"मग आत खोकतंय कोण?"

"साहेब."

जवानांनी गज कापून तात्यासाहेबांना खिडकीतून ओढून काढलं. कोळसा झालेल्या मिशीनिशी ते गरजले, "अरे बैला! तातडीचं काम असलं की बोलत बसायचं नसतं! आधी धो धो पाणी मारायचं, मग विचारायचं!"

"बरं साहेब. आधी पाणी."

इकडे महिना संपत आला. तात्यासाहेबांनी उरलेल्या निधीचं काम ठरवलं. साकव? छे हो! वेशीवर स्वागत कमान. कमानीखालून पूरग्रस्तही जाणारच की, म्हणजे काम त्यांचंच झालं. शिवाय साकवावर नाव कुठं लिहिणार? गोदाक्कानं हे ऐकलं आणि ती कचेरीच्या पायरीवरच मटकन बसली. सुनेला सातवा महिना सरला होता. गोदाक्काला रडूच आलं.

कमानीच्या पायासाठी ठेकेदाराचा ट्रक सिमेंट घेऊन आला. ठेकेदार खालूनच ओरडला, "तातडीचं काम आहे, लवकर उतरवून घ्या!"

तातडीचं म्हटल्यावर चिंधू कशाला बोलत बसतोय! त्यानं नळी लावली आणि पोती नखशिखांत भिजवली. मग विचारलं, "काय आहे यात?"

सकाळपर्यंत एकेका पोत्याचा धोंडा झाला. तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "चिंध्या, चिंध्या! माल आला की आधी विचारावं, हा कशाला लागतो, कुणाला लागतो. आणि जिथं लागतो तिथंच नेऊन ठेवावा!"

आता ही गोष्ट शहाणपणाचीच. पण नगरपरिषदेत शहाणपण कुठं वापरायचं असतं, हे भोळ्याला कोण सांगणार?

चिंधू गावभर विचारत सुटला, "धोंडे कुणाला लागतात का, धोंडे?" गोदाक्का म्हणाली, "आण रे लेकरा. ओढ्याच्या काठाला टाकू. निदान पाय ठेवायला होतील." आळीतल्या गड्यांनी दोन्ही काठांना ते धोंडे नीट रचले.

मग आली कमान. सपाट, लोखंडी, चांगली लांबलचक. वर उठावाची ही एवढाली अक्षरं: 'विकासपुरुष मा. तात्यासाहेब मोहरकर आपले स्वागत करीत आहेत.' तात्यासाहेब लग्नाला परगावी निघाले होते. जाताना चिंधूला बजावून गेले, "मी येईपर्यंत कमान लागलेली पाहिजे. येणाऱ्याजाणाऱ्यानं नाव बघूनच पुढं गेलं पाहिजे!"

चिंधू कमान बैलगाडीत घालून आधी वेशीत गेला. तिथं विचारलं, "कमान लागते का हो?" पानवाला म्हणाला, "कशाला? रस्ता उघडाच आहे की!" रिक्षावाले म्हणाले, "आम्हाला नको बाबा, डोक्यावर पडायची." कुणालाच लागेना. चिंधू फिरत फिरत ओढ्यावर आला.

गोदाक्कानं कमानीकडे बघितलं. ओढ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "आम्हाला लागते."

दोन दिवसांनी तात्यासाहेब रात्री अंधारात परतले आणि सकाळीच पाहणीच्या अधिकारी बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी टेकडीवरच्या होड्या बघितल्या. त्यांचा चेहरा असा झाला की तात्यासाहेबांनी घाईघाईनं चहा मागवला. बाई म्हणाल्या, "उरलेल्या पैशाचं काम दाखवा."

तात्यासाहेब त्यांना ऐटीत वेशीवर घेऊन गेले. वेस मोकळी.

"चिंध्या! कमान कुठाय?"

"लावली ना साहेब. जिथं लागते तिथं."

सगळे ओढ्यावर गेले. धोंड्यांवर कमान आडवी, अक्षरं आभाळाकडे. तिच्यावरून पोरं दप्तरं घेऊन चालली होती, बायका मडकी घेऊन चालल्या होत्या, आणि कुंभाराचं एक गाढव बरोब्बर 'विकासपुरुष'वर उभं राहून शेपटी हलवत होतं.

बाई साकवावरून पलीकडे गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "निधी परत न्यायच्या तयारीनंच आले होते. पण हे पूरग्रस्तांचं खरं काम आहे. हा साकव कुणी हलवायचा नाही. कल्पना कुणाची?"

"माझीच," तात्यासाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार! मग चिंधूच्या कानाशी लागून फुसफुसले, "नालायका, नाव तरी खालच्या बाजूला करायचंस!"

चिंधू मोठ्यानं म्हणाला, "असं कसं साहेब? वेशीत कोण मान वर करून बघतंय? इथं जो तो खाली बघून एकेका अक्षरावर पाय देतो. उठावाची आहेत, घसरत नाही."

गोदाक्कानं हात जोडले. "खरं हाय साहेब. आता माझी सून बिनघोर बाळंत होईल. तुमच्या नावावर पाय दिला की दवाखाना आलाच!"

बाईंनी हसू दाबलं. म्हणाल्या, "छान. खालच्या अंगाला वीटभट्टीच्या वस्तीलाही असाच साकव हवाय म्हणतात. पण निधी तर संपला."

"पैसे संपले बाई," चिंधू म्हणाला, "कमानी कुठं संपल्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब दात घासत अंगणात आले, तर त्यांच्या बंगल्याच्या फाटकावरची कमान जागेवर नव्हती.