आधी आली ती थोरली

फार पूर्वी, राजांना छंद आणि प्रजेला सवड असायची, तेव्हाची गोष्ट. एका राजाने प्राणिबाग उभारली आणि तिच्यावर एक कारभारी नेमला. कारभारी शिस्तीचा. जगातले सगळे तंटे रांग न लावल्यामुळे होतात, असं त्याचं मत होतं.

बागेत एक तरणी हत्तीण होती. मागाहून एक म्हातारी आली. कारभाऱ्याने नियम केला, आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी. पाणी, ऊस, सावली, सगळं आधी थोरलीला. धाकटीने लोखंडी गजांच्या दारापलीकडे थांबायचं.

हत्तिणींना नियम वाचता येत नसत. म्हातारीने खाल्ल्याशिवाय तरणी चाऱ्याला तोंड लावीना. दोघी दिवसभर जागच्या जागी झुलत राहायच्या. लोक म्हणायचे, "काय खुशीत डोलतायत." कारभाऱ्याला मात्र ते झुलणं काही खुशीचं वाटायचं नाही. मग तो आणखी एक नियम करायचा.

एके सकाळी तरणी व्याली. पहिलटकरीण ती. पायाशी हे काय वळवळतंय म्हणून बिथरली, पिल्लाला लाथेने ढकलू लागली. पलीकडे म्हातारी गजांवर कपाळ आपटत होती.

"मालक, दार उघडू?" माहुताने विचारलं.

"थोरलीच्या जागेत धाकटी? आज हिला सोडली, तर उद्या गेंडा येईल विचारायला."

"गेंड्याचं उद्या बघू. पिल्लाचं आत्ता काय?"

कारभारी येरझारा घालू लागला. तेवढ्यात तरणीने पुन्हा पाय झाडला. पिल्लू भिंतीशी जाऊन पडलं आणि उठेना. कारभाऱ्याने स्वतःच धावत जाऊन अडसर ओढला.

म्हातारी आत शिरली ती थेट दोघांच्या मधे उभी राहिली. तिने तरणीच्या तोंडाला सोंड लावली आणि घशातल्या घशात बराच वेळ काही घुमवलं. तरणीचे ताठ कान हळूहळू खाली आले. मग म्हातारीने पिल्लाला सोंडेने उभं केलं आणि आईच्या पुढच्या पायांमधे सरकवलं. चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज येऊ लागला.

दार पुन्हा लागलं नाही. झुलणंही थांबलं.

"म्हणजे मालक, नियम चुकला होता," माहूत म्हणाला.

"नियम चुकत नसतो. अपुरा असतो," कारभारी म्हणाला. त्याने थोरलीच्या वर 'आजी' असं एक नवं पद काढलं आणि त्यावर म्हातारीला नेमलं. तिला कळवायची गरज पडली नाही.

तात्पर्य: आधी येणाऱ्याला जागा मिळते, वडीलकी मात्र सांभाळून घेणाऱ्याकडेच जाते.