मारणाऱ्याच्या घरचा चहा

"पण आक्का, बायकोला मारणाऱ्याच्या घरचा चहा आपण प्यायचाच कशाला?"

कुंदानं चालता चालताच विचारलं. पुढे सगुणाआक्का होत्या आणि मागे गल्लीतल्या बायका. प्रत्येकीच्या हातात आपापला रिकामा कप.

आक्कांनी पावलं उचलली.

कुंदा वकिलीची परीक्षा पास होऊन बोरदरी गावात आक्कांकडे शिकायला आली होती. इथे आक्कांमुळे बायकांना होणारी मारहाण कमी झाली, पोरी शाळेत टिकल्या, हे तिनं तालुक्याला ऐकलं होतं. ते कसं झालं, याचं तिला भारी कुतूहल. पण आल्यापासून आक्कांनी तिला एकच धडा दिला होता. गप्प बसायचा. आणि बाईसाहेबांना नेमका तोच जमत नव्हता. फर्डं बोलणाऱ्या माणसाचं असंच असतं. तोंड मिटलं की त्याला वाटतं आपण संपलो.

बोरदरीची रीत अशी. पाहुणा दारात असताना घरच्या बाईवर हात टाकायचा नाही, हा तिथला जुना दंडक. आडदांड माणूससुद्धा तो पाळतो, कारण उद्या गावात तोंड दाखवायचं असतं. आक्कांनी तोच दंडक हाताशी धरला. कुणाच्या घरातून मारझोडीचा आवाज आला, की ऐकेल तिनं हाक द्यायची आणि सगळ्यांनी मिळून त्या घरी पाहुणचाराला जायचं. एका घरात इतके कप कुठून असणार? म्हणून जिचा तिनं न्यायचा.

कुंदा मोकळ्या हातांनी निघाली होती. मुद्दाम.

आजचा आवाज विश्वंभरच्या घरातला होता.

त्याची बायको नर्मदा ओसरीच्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेला. पुढ्यात बांगड्यांच्या काचा. तिचा गुन्हा एवढाच, की लेकीचं नाव तिनं नवऱ्याला न विचारता शेजारगावच्या शाळेत आठवीला घातलं होतं. उद्यापासून शाळा सुरू. ती लेक, अनुजा, आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हालत नव्हती, रडतही नव्हती.

विश्वंभर मधोमध उभा. कपाळावर घाम.

आक्का ओसरीवर चढल्या आणि ऐसपैस मांडी घालून बसल्या. मागोमाग बाकीच्या बसल्या.

"पाव्हण्या आल्यात, विश्वंभर. चहा होऊ दे."

विश्वंभरला रीत ठाऊक होती. त्यानं मान खाली घातली.

कुंदा मात्र अंगणातच उभी राहिली. "मला नको चहा. या घरचं पाणीसुद्धा मला चालणार नाही. विश्वंभरराव, तुम्ही केलंत तो गुन्हा आहे. तुरुंगात जाल."

तिचा शब्द न् शब्द खरा होता. आणि तो ऐकून विश्वंभरच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. गप्प बसलेल्या बायकांशी भांडता येत नव्हतं. आता भांडायला माणूस मिळालं.

"पाणी चालत न्हाई? मग पाव्हणी कशाची तुम्ही, म्याडम? निघा माझ्या अंगणातनं!" तो नर्मदेकडे वळला. "तूच आणलीस ना ही? तूच!"

हात वर गेला.

कुंदाला एवढे कायदे तोंडपाठ, पण तो हात आणि नर्मदेचं तोंड यांच्यामध्ये घालायला त्यातला एकही तिच्याजवळ नव्हता...

आक्कांनी कप फरशीवर ठेवला. खणकन.

"माझा चहा, विश्वंभर."

हात तसाच राहिला वर. मग खाली आला आणि उगाचच मानेवरून फिरला.



कुंदा ओसरीवर चढली. बायकांच्या रांगेत शेवटी बसली. "मलाही चालेल चहा."

नर्मदा उठायला लागली. आक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू बस. तुझा ओठ फुटलाय. त्याचे हात धड हायेत."

"मला न्हाई येत चहा," विश्वंभर म्हणाला.

"पोरीला येतो. अनुजा, सांग गं त्याला. सांगायचं फक्त, हात लावायचा न्हाई."

विश्वंभर आत गेला. भांडी वाजली. मग आतून अनुजाचा आवाज आला. आधी बारीक, मग जरा मोकळा. "बाबा, आधी पाणी... एवढं नाही... पावडर आत्ताच नको... बाबा, ते मीठ आहे!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. नर्मदेलाही हसू आलं आणि ओठ ठणकला, तशी ती कळवळली.

आक्का तिच्याकडे झुकल्या. "ठाण्यात जायचं का? ही कुंदा येईल संगं. त्यासाठीच शिकलीय ती. तू म्हणशील तसं."

नर्मदेनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"आधी पोरीची शाळा, आक्का."

"आन् परत हात उचलला त्यानं तर?"

"तर ठाणं," नर्मदा म्हणाली. घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आतली भांडी क्षणभर वाजायची थांबली.

चहा आला. विश्वंभर एकेकीच्या कपात ओतत गेला. कुंदाला कप नव्हता, तिला वाटीत मिळाला. तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली. बोटं पोळली, पण तिनं ती खाली ठेवली नाही.

विश्वंभर उंबऱ्यावर बसला. मग बोलला तेव्हा आवाजातली धार गेली होती.

"आक्का, तुमचं समदं खरं. पर मला एक सांगा. ही दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती. आता पोरगी बी शाळंत गेली, तर घराकडं कोण बघणार? मी रानातनं आलो तर चूल कोण पेटवणार?"

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. त्याच्या बापाला कुणी ते सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

अनुजा चौकटीत येऊन उभी राहिली. तिची उद्याची शाळा या एका उत्तरावर टांगलेली होती, आणि ते तिला कळत होतं.

कुंदाच्या जिभेवर एक सोडून दहा उत्तरं आली. शिक्षणाचा हक्क, लग्नाचं वय, सगळं. तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. आक्का काय म्हणतात, ते तिला ऐकायचं होतं. बोलण्यापेक्षा ऐकावंसं वाटण्याची तिची ही पहिलीच वेळ.

आक्कांना घाई नव्हती. त्यांनी फुंकर मारून चहा गार केला. शेवटचा घोट घेतला. पदरानं ओठ पुसले.

मग रिकामा कप विश्वंभरपुढे धरला.

"बरा केलायस तू. तुझ्या हातनं पेटलीय चूल, अर्धा कप अजून आण."